आंतरराष्ट्रीय व्यापार आणि मानसशास्त्र असे दुहेरी मेजर घेऊन पदवी करावी का?

तुम्ही विचारले आहे की, बारावी वाणिज्य शाखेतून झाल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापार आणि मानसशास्त्र हे दोन्ही मुख्य विषय घेऊन पदवी करता येईल का, आणि घरचे याला दोन डगरींवर पाय ठेवणे म्हणतात त्यात तथ्य किती. मी तासगाव तालुक्यातली. २०१७ ते २०२१ या काळात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात मी हीच जोडी घेऊन चार वर्षांची पदवी पूर्ण केली आणि सध्या सांगलीत बेदाणा व हळद निर्यात करणाऱ्या एका छोट्या पेढीत काम करते. घरच्यांचा आक्षेप मला खोटा वाटत नाही, कारण हे दोन विषय अभ्यासक्रमात कुठेही एकमेकांना भेटत नाहीत. दोन विभाग, दोन वेळापत्रके, दोन प्रकारचे प्राध्यापक. एका बाजूला काय शिकवले जाते याची दुसऱ्या बाजूला वार्ताही नसते. ही भेट विद्यार्थ्याने स्वतः घडवून आणावी लागते आणि ती घडवण्याची तयारी असेल तरच या पदवीला अर्थ आहे.

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोपासून सुरू होतो. इंग्लंडने कापड आणि पोर्तुगालने दारू करावी, कारण तुलनेने ज्यापायी दुसरा माल कमी सोडावा लागतो ते करणे दोघांच्याही फायद्याचे असते, हा त्याचा १८१७ मधला युक्तिवाद. तो आवडतो, पण लवकर संपतो. त्यानंतर जे येते ते कागदपत्रांचे शास्त्र असते. मालाचे वर्गीकरण करणारे एचएस कोड (द्राक्षे ०८०६ मध्ये, त्यांतली ताजी ०८०६.१० आणि सुकी म्हणजे आपला बेदाणा ०८०६.२०), खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे नेमकी कुठे जाते हे ठरवणाऱ्या ११ इन्कोटर्म्स, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती), लेटर ऑफ क्रेडिट (ठरलेली कागदपत्रे दिल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी). हे सारे रूक्ष वाटते, आणि बरेचसे रूक्ष आहेही. मात्र त्यातला एक नियम मला अजून विलक्षण वाटतो. लेटर ऑफ क्रेडिटसाठी २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार बँक कागदपत्रे पाहते, माल पाहत नाही. कंटेनरमध्ये उत्तम बेदाणा असला तरी कागदात चूक असेल तर बँक पैसे नाकारू शकते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एका कागदावर खरेदीदाराच्या पत्त्यातला एक आकडा चुकला. बाजार चढता असता तर त्या खरेदीदाराने ती चूक हसून सोडून दिली असती. पण माल समुद्रात असतानाच दर उतरले होते, त्यामुळे त्याने त्या एका आकड्यावर बोट ठेवून सूट मागितली आणि आम्हाला ती द्यावी लागली. चूक माझीच होती, हे नाकारण्याचे कारण नाही. ती चूक केव्हा चूक ठरते आणि केव्हा नाही, हे मात्र कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

मानसशास्त्राबद्दल मोठा गैरसमज असतो, तो माझाही होता. माणसांची मने ओळखायला शिकू अशा अपेक्षेने येणाऱ्यांच्या हाती पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र आणि प्रयोगवही पडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हा विषय स्वतःला प्रयोगांवर उभा करू पाहतो, आणि त्या प्रयोगांवर संशय घ्यायलाही तोच शिकवतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३६ टक्केच संख्याशास्त्रीय कसोटीवर पुन्हा टिकले. हे वर्गात ऐकले त्या दिवशी मला विषय सोडावासा वाटला होता. आता वाटते की मला मिळालेले सर्वांत उपयोगी शिक्षण तेच होते, कारण ‘ग्राहकांचे मानसशास्त्र’ या नावाखाली जे काही विकले जाते त्यातले निम्मे ऐकताक्षणी बाजूला ठेवता येते.

दोन्ही विषय माझ्यापुरते जिथे जुळले ती जागा म्हणजे आमच्या गावातले शीतगृह. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की, माणूस नफा-तोटा निव्वळ रकमेवर मोजत नाही. तो मनात एक खूणगाठ धरतो, तिच्या वर गेला तर नफा मानतो आणि खाली आला तर तोटा, आणि तेवढ्याच रकमेचा तोटा त्याला नफ्यापेक्षा जास्त बोचतो. शेफ्रिन आणि स्टॅटमन या वित्त विषयाच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये याच धाग्यावरून दाखवले की गुंतवणूकदार वाढलेले समभाग घाईने विकतात आणि पडलेले कवटाळून बसतात. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझे चुलते होते. गेल्या हंगामात अमुक दर मिळाला म्हणून यंदा त्याखाली विकायचे नाही, असे ठरवून ते माल शीतगृहात ठेवत. भाडे चढत राही, नवा बेदाणा बाजारात येई आणि शेवटी पहिल्या सौद्यापेक्षाही कमी दराने माल जाई. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी गावातल्या बेदाणा उत्पादकांना विचारले, “किती दर आल्यावर विकणार?” उत्तरे बहुतेक गेल्या वर्षीच्या दराभोवतीच फिरत होती, अफगाणी मालाची आवक, रुपयाचा विनिमय दर किंवा शीतगृहाचे भाडे यांचा हिशेब फार थोड्यांनी मांडला. त्यांना अडाणी समजू नका. परदेशी खरेदीदारही तसाच वागतो, फक्त त्याची खूणगाठ वेगळ्या चलनात असते.

दुसरे उदाहरण आजोबांचे. ते जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून, म्हणजे आकडा न उच्चारता, सौदा करणाऱ्या पिढीतले. मी त्यांना काहनेमन-ट्वर्स्की यांचाच १९७४ मधला एक प्रसिद्ध निष्कर्ष सांगितला की, आधी ऐकलेला आकडा, मग तो कितीही असंबद्ध असो, नंतरच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो. ते म्हणाले, “म्हणून तर रुमाल असतो. बाजूच्याच्या कानावर आकडा पडला की त्याची जीभ तिथंच अडकती.” पुस्तकातल्या स्पष्टीकरणापेक्षा मला हे नेमके वाटले.

एक सावधगिरी मात्र सांगते. दोन्ही विषय घेणाऱ्याला ‘देशोदेशीच्या संस्कृती’ या प्रकरणाचा मोह पडतो. हॉफ्स्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम या संगणक कंपनीच्या विविध देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून राष्ट्रीय संस्कृतींची परिमाणे मांडली आणि ती व्यापाराच्या वर्गात अजून शिकवली जातात. ती देशांच्या सरासरीबद्दल आहेत, समोर बसलेल्या एका माणसाबद्दल नाहीत. दुबईचा व्यापारी असाच वागेल असे धरून चाललात तर फसाल. शिवाय तुमच्याशी बोलणारा तो ‘दुबईचा व्यापारी’ पुष्कळदा केरळचा असतो.

आता प्रवेशाबद्दल. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात दुहेरी मेजरची सोय आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक (क्रेडिट) लागतात, आणि दुसऱ्या मेजरसाठी त्यांतले किमान ४० टक्के, म्हणजे तीन वर्षांत ४८, त्या विषयाचे असावे लागतात. मात्र आराखड्यात सोय असणे आणि तुमच्या महाविद्यालयात ही विशिष्ट जोडी मिळणे यांत अंतर आहे. वाणिज्य आणि मानसशास्त्र या विभागांच्या तासिका एकाच वेळी लागल्या की सगळे तिथेच अडते. माझ्या वेळी तेच झाले आणि एक आवश्यक पेपर मला पुढच्या वर्षी घ्यावा लागला. दुसरा मार्ग म्हणजे दोन स्वतंत्र पदव्या. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात करायचे तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक वर्गात आणि दुसरा दूरस्थ पद्धतीने करता येतो. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे. म्हणजे दोनपैकी एक पदवी दूरस्थ करायची झाल्यास मानसशास्त्र वर्गात बसून आणि व्यापाराची पदवी दूरस्थ, हाच क्रम शक्य आहे. मला तो योग्यही वाटतो. प्रयोग, चाचण्या आणि मुलाखतींचे तंत्र कोणाच्या तरी नजरेखालीच शिकता येते. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे द्यायचा अर्ज, कसे भरतात हे मात्र निर्यात पेढीत दोन महिने बसून वर्गापेक्षा चांगले समजते.

दोन्ही विषय जमणारच नाहीत असे दिसले तर मी मानसशास्त्र मुख्य ठेवीन. अनेक विद्यापीठांत मानसशास्त्राच्या एम.ए.साठी पदवीला तोच विषय असावा लागतो, तर आंतरराष्ट्रीय व्यापाराकडे नंतर वळता येते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आयआयएफटीचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड) एमबीए कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले आहे. तुमचा खरा ओढा समुपदेशन किंवा उपचार यांकडे असेल, तर मात्र व्यापाराचा नाद सोडा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला पदवी पुरत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले पुढचे शिक्षण आणि नोंदणी लागते, आणि त्या वाटेवर इन्कोटर्म्सना कोणी विचारत नाही.

नोकरीच्या मुलाखतीत या जोडीने फार दारे उघडतात असे मला आढळले नाही. निर्यातदारांनी मानसशास्त्राबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. सध्याच्या मालकांनी फक्त एवढेच विचारले की, पेमेंट अडकले तर खरेदीदाराला पहिले पत्र काय लिहाल. मी दोन ओळी सांगितल्या आणि काम मिळाले.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही विभागांच्या वेळापत्रकांची गेल्या वर्षीची प्रत मागून घ्या, संख्याशास्त्राचा एकच पेपर दोन्हीकडे धरला जाईल का हे लेखी विचारा, आणि त्याच महाविद्यालयात ही जोडी पूर्ण केलेला एखादा विद्यार्थी असेल तर आधी त्याला भेटा. असा कोणीच नसेल, तर तुम्ही पहिले असाल आणि एक सत्र जास्त लागू शकेल, हे घरी आधीच सांगून ठेवा.