परभणीत केलेल्या वडिलांच्या अँजिओग्राफीची सीडी घरी उघडत नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांना कशी दाखवू?

सीडी बहुधा चांगलीच असते; आतल्या फाइल डायकॉम (वैद्यकीय चित्रांसाठीच्या खास) स्वरूपात असल्यानं साधा व्हिडिओ प्लेअर त्या उघडत नाही, डायकॉम व्ह्यूअर लागतो. विंडोजवर मायक्रोडायकॉम हा व्ह्यूअर टाका आणि सुटी फाइल न निवडता अख्खं फोल्डर उघडा. बऱ्याच नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून सायबर कॅफेत जाऊन सगळी सीडी जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फाइलींना बहुधा एक्स्टेंशन (नावामागचं .jpg सारखं शेपूट) नसतं, नावं विचित्र दिसतात. त्यांना हात लावू नका, कारण नावं बदलली की अनुक्रमणिकेच्या फाइलशी दुवा तुटतो. स्क्रीनचं मोबाइल शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवणं कृपया टाळा. मूळ फाइलीत चित्रासोबत पेशंटचं नाव, तारीख, कॅमेऱ्याचा कोन असतो. डॉक्टर एकेक फ्रेम थांबवून नस किती अरुंद झाली ते बघतात, आणि व्हॉट्सॲपवर आकार कमी झालेल्या (कॉम्प्रेस्ड) व्हिडिओत नेमकी नसेची तीच कड पुसट होते. मात्र सीडीवर सगळं नसतं: ईसीजी बहुतेकदा कागदावरच असतो, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला असेल तर त्याचा व्यास-लांबी डिस्चार्ज कार्डावर किंवा स्टेंटच्या स्टिकरवर मिळते. ते कागद पेनड्राइव्हसोबत न्याच.