पुण्याचं कॉम्प्युटर की जळगावचं फूड टेक्नॉलॉजी?

प्रश्न : ताई, मुलीला सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत. बारावी चोपड्यातूनच झाली. तिला जळगावला विद्यापीठात फूड टेक्नॉलॉजी करायचंय. माझे शालक पुण्यात आयटीत आहेत. ते म्हणतात, तिथल्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळवून देतो, नोकऱ्या पुण्यातच आहेत, जळगावात राहून काय होणार? आमची केळी आणि थोडा कापूस. घरात रोज वाद. फॉर्मात पहिलं नाव कोणतं टाकू?
— एक वडील, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, शालकांचं म्हणणं तुम्ही कारणांसकट लिहिलंत. मुलीचं कारण मात्र पत्रात कुठेच नाही. आज रात्री जेवणं झाली की तिला विचारा, ‘पोरी, तुले हाईच का करनं शे?’ आणि मधे न बोलता ऐका. अमळनेरला गणित शिकवताना माझ्याकडे असे कितीतरी बाप आले. मुलीच्या कटऑफचा आकडा त्यांना तोंडपाठ असायचा, पण तिला हे का हवंय ते ठाऊक नसायचं.

तुम्हाला ‘फूड’ म्हणजे हॉटेलचं शिक्षण वाटत असेल, तर तसं नाही. केळं १३ अंशांच्या खाली थंडीत राहिलं की साल काळी का पडते, पिकवणीच्या चेंबरमध्ये इथिलीन हा फळ पिकवणारा वायू किती सोडायचा, पल्प म्हणजे गर टिकवायचा कसा, हा त्या अभ्यासाचा गाभा आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाव पडला की तुमच्या-माझ्या गावातले घड आजही बांधावर सडतात. हे बघतच वाढलेल्या मुलीला हा विषय हवासा वाटला, तर त्यात मला नवल वाटत नाही.

पैशाचंही खरं सांगते. फूडमध्ये सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरपेक्षा कमी असू शकतो आणि कारखान्यात शिफ्ट कराव्या लागतात. पण पुढे रस्ते आहेत. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेत फूड टेक्नॉलॉजीचा स्वतंत्र भाग असतो, म्हैसूरला सीएफटीआरआयसारखी अन्नसंशोधनाची मोठी संस्था आहे आणि अन्नसुरक्षा अधिकारी व्हायला ही पदवी चालते. जळगावातच कांदा-लसूण वाळवणारे आणि फळांचा पल्प काढणारे मोठे कारखाने आहेत.

आता मॅनेजमेंट कोटा. इथे मी ठामपणे नको म्हणेन. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झाला तरच. मॅनेजमेंटच्या जागेवर ही माफी मिळत नाही. म्हणजे तुम्ही या गटांत बसत असाल, तर जी फी सरकार भरणार होतं, ती तुम्ही केळीच्या पैशातून भरणार, वर पुण्याचं राहणं-खाणं वेगळं. शालकांचा जीव भाचीवर आहे, यात शंका नाही. पण हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा.

पुणे मनात असेलच, तर कॅपमधूनच बघा. कटऑफच्या यादीत जागेच्या कोडकडे नीट पाहा. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी (बारावी जिथे झाली त्या भागाचं विद्यापीठ), ओ असेल तर बाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यपातळी. सुरुवातीचं एल म्हणजे मुलींची जागा. तुमच्या लेकीची बारावी चोपड्याची, म्हणून होम युनिव्हर्सिटी आपली उमवि, म्हणजे जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जिथे होमच्या ७० टक्के आणि बाहेरच्या ३० टक्के जागा असतात, तिथे जळगाव-धुळ्यात ती ७० मध्ये आणि पुण्यात ३० मध्ये. दोन्हीकडचे आकडे वेगवेगळे असतात. खूप पालक पहिलाच दिसलेला आकडा बघून खचतात किंवा निर्धास्त होतात.

आणि क्रम. २०२५ पासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन नावांना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. त्यामुळे ‘टाकून तर बघू’ म्हणून वरती कुठलंही नाव नको. तिला खरोखर जायचंय तेच पहिलं. तिचं कारण पक्कं असेल तर विद्यापीठाचं फूड पहिलं लिहा. खाली तिला चालतील अशी नावं भरपूर ठेवा, नुसत्या एका नावावर राहू नका.

फॉर्म भरण्याआधी दोघं एसटीने जळगावला जा. ऑफिसात विचारू नका, शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठा. लॅबमधली यंत्रं स्वतः हाताळायला मिळतात का, कोणत्या कंपन्या येतात, वसतिगृहात उन्हाळ्यात पाणी कसं असतं, हे त्या सांगतील. आणि ओबीसीतून भरत असाल तर नॉन-क्रीमिलेअर आणि जात वैधता हे कागद आजच तपासा.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. अकरावी-बारावीला लातूरला पाठवू का?
— एक आई, शिरपूर

उत्तर : ताई, वर म्हटलं तसं होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली त्यावर ठरते. लातूरहून बारावी केली तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तो नांदेड विद्यापीठाचा धरला जाईल आणि तुमच्या शिरपूरच्याच कॉलेजात बाहेरचा ठरू शकेल. त्याला नेमकं काय करायचंय, ते आधी कळवा. मग लातूरबद्दल सविस्तर लिहीन.