टोरंटो मेपल लीफ्ससाठी पटण्याजोगा ट्रेड प्रस्ताव कसा मांडावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ऑफसीझनमध्ये (दोन हंगामांमधल्या काळात) लीफ्ससाठी मांडलेले ट्रेड, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदली, इतर चाहते लगेच खोडून का काढतात, आणि 2024-25 मध्ये 102 गुण (गोल अधिक गोलला साहाय्य) करणाऱ्या मिच मार्नरच्या बदल्यात नुसता निकोला रॉय कसा मिळाला. दोन्हींचं मूळ एकच आहे. एनएचएलमध्ये, म्हणजे लीफ्स खेळतात त्या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, आधी करार वाचायचा, मग खेळाडू बघायचा.

मार्नरचा करार जून 2025 अखेरीस संपत होता आणि त्यात ‘नो मूव्ह’ कलम होतं. त्याच्या होकाराशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नव्हतं आणि 1 जुलैला तो कोणत्याही संघाकडे जायला मोकळा होणार होता. टोरंटोकडे विकण्यासारखं एकच उरलं होतं, आठवं वर्ष. तेव्हाच्या नियमाने 8 वर्षांचा करार फक्त खेळाडूचा स्वतःचा संघ देऊ शकत होता, बाहेरच्या संघाला 7 वर्षांची मर्यादा होती. म्हणून टोरंटोने वर्षाला 1.2 कोटी डॉलरचा 8 वर्षांचा करार करून त्याला व्हेगासला दिलं आणि वर्षाला 30 लाखांचा सेंटर (मधल्या जागेवरचा आक्रमक) रॉय घेतला. त्या दिवशी याहून जास्त मागायला हातात काहीच नव्हतं. लीग आणि खेळाडूंच्या सप्टेंबर 2026 पासूनच्या नव्या कामगार करारात ही मर्यादा 7 आणि 6 वर्षांवर आली आहे, त्यामुळे जुनं गणित लावू नका.

प्रस्ताव लिहिताना सुरुवात कॅपपासून, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेपासून करा. 2025-26 ला कॅप 9.55 कोटी डॉलर होती, 2026-27 साठी 10.4 कोटी. उन्हाळ्यात 10 टक्के वर जाता येतं, पण हंगाम सुरू होताना खाली यावंच लागतं. रोस्टर (मुख्य संघाची यादी) 23 चं आणि एकूण करार 50, हे दोन्ही आकडे तपासा. एक देऊन तीन घेणारे प्रस्ताव बरेचदा या 50 वर अडकतात.

पगार राखून, म्हणजे गेलेल्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग आपणच भरत राहून, ट्रेड करायचा असेल तर जास्तीत जास्त 50 टक्के राखता येतो, तोही करार संपेपर्यंत दरवर्षी. एका संघाला एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. ‘अर्धा पगार आपण राखू’ असं लिहिणं सोपं, पण चार वर्षं उरलेल्या खेळाडूसाठी तो चार वर्षांचा बोजा असतो.

सगळ्यात जास्त चुका बायआउटमध्ये, म्हणजे पगाराचा काही भाग देऊन करार मुदतीआधी संपवण्यात होतात. समजा 26 किंवा त्याहून मोठ्या खेळाडूची दोन वर्षं उरली आहेत, वर्षाला 60 लाख, सगळा मूळ पगार. दोन तृतीयांश म्हणजे 80 लाख, ते चार वर्षांत वाटायचे. कॅपवर दरवर्षी 20 लाख, म्हणजे पहिली दोन वर्षं 40 लाखांची बचत. आता त्याच 60 लाखांतले 50 लाख साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दल ठरलेली रक्कम) असतील तर? बोनस पूर्ण द्यावाच लागतो, कपात फक्त उरलेल्या 10 लाखांवर. पहिली दोन वर्षं कॅपवर सुमारे 53 लाख 33 हजार बसतात, वाचतात जेमतेम पावणेसात लाख, आणि पुढची दोन वर्षं वर तीन लाख 33 हजारांचं ओझं. कराराचा हा तक्ता न उघडता ‘त्याला बायआउट करा’ म्हणणं व्यर्थ आहे.

मग पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा तरुण खेळाडू निवडण्याचा हक्क. मार्च 2025 मध्ये टोरंटोने ब्रँडन कार्लोसाठी 2026 चं पहिल्या फेरीचं पिक बॉस्टनला आणि स्कॉट लॉटनसाठी 2027 चं फिलाडेल्फियाला संरक्षणाच्या अटींसह (पिक फार वरचं निघालं तर त्या वर्षी ते टोरंटोकडेच राहतं) दिलं. सोबत फ्रेझर मिंटेन आणि निकिता ग्रेबेंकिन हे होतकरू खेळाडूही गेले. पिकच्या अटी न बघता ‘पहिली फेरी अधिक एक होतकरू खेळाडू’ लिहिलं की प्रस्ताव तिथेच पडतो.

ऑफर शीटचं तेच. करार संपलेल्या पण जुन्या संघाचा हक्क असलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघाने दिलेला हा प्रस्ताव; जुन्या संघाने तेवढीच रक्कम दिली नाही तर खेळाडू जातो आणि त्याला भरपाई म्हणून पिकं मिळतात. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुइसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला 45,80,917 आणि डिलन हॉलोवेला 22,90,457 डॉलर वर्षाला देऊ केले. हे आकडे भरपाईच्या टप्प्यांची अगदी वरची टोकं होती, एक डॉलर वाढला असता तर भरपाई वाढली असती. कॅपला टेकलेल्या एडमंटनने बरोबरी केली नाही, बदल्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची पिकं मिळाली. भरपाई स्वतःच्याच पिकने द्यावी लागते, म्हणून सेंट लुइसने आधी आपलं दुसऱ्या फेरीचं पिक पिट्सबर्गकडून परत मिळवलं होतं. पहिल्या फेरीचं पिक दुसऱ्याकडे अडकलेलं असेल तोवर टोरंटोच्या नावाने मोठी ऑफर शीट सुचवता येत नाही.