बॉयलर तोच, फक्त बगॅस नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी पलूसकडचा, साखर कारखान्यात बॉयलरवर बावीस सीझन काढलेत. पोरगा म्हणतो अणुपाणबुडी पण वाफेवरच चालते. मग पाण्याखाली बंद डब्यात हवा कुठनं आणतात न धूर कुठं सोडतात? आणि आपली अरिहंत त्यातलीच ना?

उत्तर : पोरगं बरोबर बोलतंय दादा. तुमच्याकडं बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जळतं म्हणून हवा आत ढकलायला एफडी फॅन लागतो, धूर बाहेर ओढायला आयडी फॅन लागतो, धुराडं लागतं. रिअ‍ॅक्टरमध्ये काही जळतच नाही, युरेनियमचे अणू फुटतात आणि त्याची उष्णता, म्हणजे हवा नको न धूर नाही. आतलं पाणी एवढ्या दाबाखाली असतं की उकळत नाही, ते फक्त दुसऱ्या पाण्याला तापवतं, त्याची वाफ, मग टर्बाइन, वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर, ते पाणी परत आत ढकलणारा फीड पंप, हे तुम्हाला मी काय सांगणार! अमेरिकेच्या व्हर्जिनिया क्लासच्या अणुपाणबुड्यांमध्ये एकदा भरलेलं इंधन बोटीच्या अख्ख्या आयुष्याला, 33 वर्षं, पुरेल असं डिझाइन आहे. श्वासाचा ऑक्सिजनपण पाण्यातनंच विजेनं काढतात. परत यावं लागतं ते शिधा संपतो म्हणून.

खरी डोकेदुखी आवाजाची. मुंबईत बांधलेली आपली कलवरी डिझेलवाली, तिला बॅटरी चार्ज करायला पाण्याबाहेर नळी काढून हवा घ्यावी लागते, पण बॅटरीवर असली की एकदम गपगार. अणुवालीत टर्बाइन, गिअर, पंप काही ना काही फिरतच असतं, मग सगळी मशिनरी रबरी माउंटवर बसवायची, अंगावर रबरी टाइल्स चिकटवायच्या, बोट ढकलणाऱ्या साध्या पंख्याऐवजी पंपजेट, म्हणजे नळकांड्यात बसवलेला पंखा, लावायचा असे उद्योग. मला विचाराल तर निम्मी इंजिनिअरिंग यातच गेलीये.

अरिहंत अणूवरचीच, पण तिचा प्रकार वेगळा. तिच्यात बॅलिस्टिक मिसाइल, तिचं काम लपून राहायचं. दुसरा प्रकार अ‍ॅटॅकवाली अणुपाणबुडी, ती शिकारी, जहाजं न दुसऱ्या पाणबुड्या हुडकत फिरते. फॉकलंडच्या लढाईत 2 मे 1982 ला ब्रिटनच्या काँकरर या अशाच पाणबुडीनं अर्जेंटिनाची बेल्ग्रानो ही युद्धनौका बुडवली, 323 माणसं गेली, त्यानंतर त्यांचं आरमार किनाऱ्याला जे गेलं ते लढाई संपेपर्यंत बाहेर आलंच नाही. आपण अशा अ‍ॅटॅकवाल्या दोन भाड्यानं वापरल्या, 1988 ते 91 आणि 2012 ते 2021, दोन्हींचं नाव चक्रच. स्वतःच्या दोन बांधायला ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी मिळालीये, पण बॉयलरच्या ट्यूबा बदलायलाच अख्खा ऑफ-सीझन जातो, इथं तर पूर्ण बोट आहे, पोराला म्हणावं जरा दम धर.