कालव्याचं नियंत्रण गेम खेळून शिकता येतं का?

तुम्ही विचारलंय: सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, खऱ्या गेटला हात न लावता पाणी सोडायचा सराव करायचाय, तर गेम आणि सॉफ्टवेअर एजंट कामाला येतात का?

येतात. आमचं शेत परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला. कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणला धरणाचं गेट उचललं तरी आमच्या चारीला, म्हणजे शेतापर्यंतच्या छोट्या पाटाला, पाणी लागायला दिवस जातात. सगळी मेख या उशिरात आहे, आणि पुस्तक वाचून ती अंगात मुरत नाही.

मी पायथॉनमध्ये साधा गेम केला. कालव्याचे वीस तुकडे, एका फेरीत पाणी एक तुकडा पुढे सरकतं, खेळणाऱ्याच्या हातात फक्त वरचं गेट. भावाला बसवलं. टेल कोरडं दिसतंय म्हणून तो दर फेरीला गेट थोडं थोडं उचलत गेला. विसाव्या फेरीनंतर टेलला पाणी आलं, वाढत गेलं, शेतं तुंबली. त्यानं गेट पाडलं, तरी वाटेतलं पाणी आणखी वीस फेऱ्या येतच राहिलं. तुम्हीही आधी स्वतःच्या हातानं हरा.

मग एजंट, म्हणजे नेमून दिलेल्या नियमानं वागणारे खेळाडू. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या, शेतकऱ्यांना मी एवढाच नियम दिला: मागची पाळी चुकली असेल तर या पाळीला दुप्पट घ्यायचं. एकच आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडायचं एका खेपेचं पाणी, उशिरा सोडलं आणि पुढची कितीतरी आवर्तनं टेलपर्यंत पोचलीच नाहीत. त्यात चोर कुणीच नव्हतं, फक्त भरवसा उडालेला होता.

स्वतः शिकणारा एजंट घेतला तर गुण कशाला द्यायचे ते फार जपून ठरवा. कालवा फुटला की गुण कापायचे, एवढंच ठेवलं तेव्हा त्यानं गेट उघडलंच नाही. चाऱ्यांची गेटंही त्याच्या हाती देऊन एकूण भिजलेल्या क्षेत्राला गुण दिले, तर सगळं पाणी हेडलाच दिलं, कारण तिथं झिरपा कमी. सगळ्यात कमी पाणी मिळालेल्या शेतावर गुण ठेवले तेव्हा कुठं टेल भिजलं.

नळयोजनेसाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेचं एपानेट हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. पण ते भरून वाहणाऱ्या पाइपांसाठी. उघड्या प्रवाहाला त्याच संस्थेचं एसडब्ल्यूएमएम घ्या.

आणि गावात खेळायचं असेल तर कॉम्प्युटरही नको. सिंचनाचे अभ्यासक ब्रूस लँकफर्ड यांनी टांझानियात उतरत्या फळीवर गोट्या सोडून नदीखोऱ्याचा खेळ मांडला होता. गोट्या म्हणजे पाणी. खेळताना हेडवाल्याला टेलला बसवा.