नववीच्या मुलांना बहुपदी व्यवहारातल्या उदाहरणांतून कशी शिकवावी?

फळ्यावर सूत्र लिहायच्या आधी मुलांच्या हातात कात्री द्या. प्रत्येक गटाला ३० सेंमी बाजूचा चौरस पुठ्ठा द्यायचा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर दुमडून चिकटवायच्या, की झाला बिनझाकणाचा खोका. आता कुणाच्या खोक्यात जास्त तांदूळ मावतात ते मोजा. ४ सेंमी कापणाऱ्यांचं घनफळ १९३६ घन सेंमी, ६ वाल्यांचं १९४४, आणि ५ वाल्यांचं थेट २०००! जास्त कापलं की उंची वाढते पण तळ आकसतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग कापलेल्या चौरसाची बाजू क्ष धरून घनफळाची क्ष(३० − २क्ष)² ही घन बहुपदी ती स्वतःच मांडतात.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. क्ष = २० घेतलं तरी उत्तर २०००च येतं. मग २० सेंमी कापून दाखवा म्हणावं! ३० सेंमीच्या बाजूवर दोन्हीकडून वीस-वीस कापणार कसं? क्ष १५ पेक्षा कमीच हवा, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. पाच मिनिटं गेली तरी चालतील, घाईने सांगून टाकू नका. आलेख कागद असेल तर प्रत्येक गटाचा बिंदू त्यावर मांडून घ्या.