एकच स्पेलिंग, दोन उच्चार

प्रश्न : मुलगी सातवीत, मराठी माध्यमात आहे. एल-ई-ए-डी हे स्पेलिंग ती कधी ‘लीड’, कधी ‘लेड’ वाचते आणि बहुतेक वेळा चुकते. असे शब्द पाठ कसे करून घ्यावेत? (एक पालक, नाशिक)

उत्तर : सुट्या शब्दांची यादी देऊ नका, वाक्ये द्या. ‘जरा थांब’ आणि ‘जराजर्जर’ यांतले दोन वेगळे ‘ज’ तिला कोणी शिकवलेले नाहीत. शेजारच्या शब्दांवरून ते आपोआप ठरतात. इंग्रजीतही तेच करायचे आहे.

लीड म्हणजे नेतृत्व करणे, लेड म्हणजे शिसे. हे मुळातच दोन वेगळे शब्द आहेत. धातूच्या नावातला दीर्घ स्वर काळाच्या ओघात आखूड झाला, ब्रेड, डेड, हेड यांतही तेच झाले, पण स्पेलिंग जुनेच राहिले. अशा जोड्यांना नियम नाही. टिअर (अश्रू) आणि टेअर (फाडणे), विंड (वारा) आणि वाइंड (गुंडाळणे), वूंड (जखम) आणि वाउंड (गुंडाळले), बो (धनुष्य) आणि बाउ (वाकून नमस्कार), मिनिट आणि मायन्यूट (अतिसूक्ष्म) एवढ्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक जोडीची दोन वाक्ये तिलाच लिहायला सांगा.

रीडचे भूतकाळी रूप त्याच स्पेलिंगने लिहितात आणि ‘रेड’ वाचतात. ओळखायची खूण सोपी आहे : साध्या होकारार्थी वाक्यात ही किंवा शी या कर्त्यापुढे या क्रियापदाला एस नसेल, तर तो भूतकाळ. याच सवयीने मुले लीडचा भूतकाळही एल-ई-ए-डी लिहितात, ते चूक आहे. तिथे एल-ई-डी हवे.

प्रश्न : ऑफिसच्या कॉलवर परदेशी सहकारी ‘रेकॉर्ड’, ‘प्रेझेंट’ हे शब्द मला पुन्हा उच्चारायला लावतात. चूक कुठे होते? (पुणे)

उत्तर : आघातात. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही अक्षरे सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजी ऐकणारा मात्र जोर कुठे आहे यावरून शब्द ओळखतो. दोन अक्षरांच्या अनेक शब्दांत नामाला पहिल्या अक्षरावर आघात असतो, क्रियापदाला दुसऱ्यावर : रेकॉर्ड म्हणजे नोंद, रिकॉर्ड म्हणजे नोंदवणे, प्रेझंट म्हणजे भेटवस्तू, प्रिझेंट म्हणजे सादर करणे, ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, अब्जेक्ट म्हणजे हरकत घेणे.

नुसता आवाज चढवून भागत नाही, आणि नेमके इथेच बहुतेकांचे अडते. आघाताचे अक्षर लांबवा, सूर किंचित वर न्या आणि उरलेल्या अक्षराचा स्वर आखडा. क्रियापदातला ‘रे’ म्हणूनच ‘रि’ होतो, ‘ऑ’चा ‘अ’ होतो. सरावात आघाताच्या अक्षरावर टेबलावर टिचकी मारा, मग पूर्ण वाक्य फोनवर रेकॉर्ड करून ऐका.

अशा जोड्या पूर्वी फार नव्हत्या. पीटर लेव्हिन्स यांच्या 1570 च्या कोशात रेकॉर्ड, रेबेल आणि आउटलॉ एवढ्या तीनच दिसतात. पुढे त्या वाढत गेल्या, तरी नियम सगळीकडे लावू नका. रिपोर्ट आणि कंट्रोलमध्ये नाम असो वा क्रियापद, आघात दुसऱ्याच अक्षरावर असतो, आन्सरमध्ये पहिल्यावर.

प्रश्न : यू-एस-ई हे ‘यूस’ की ‘यूझ’? (कोल्हापूर)

उत्तर : नाम यूस, क्रियापद यूझ. हाउस–हाउझ, एक्सक्यूस–एक्सक्यूझ याच वळणाचे. क्लोझ म्हणजे बंद करणे, पण ‘जवळचा’ या अर्थी क्लोस. शेवटच्या झवर जोर देऊ नका. इंग्रजी बोलताना शब्दाअखेरचा झ बराच मऊ पडतो आणि ऐकणारा फरक ओळखतो तो आधीच्या स्वराच्या लांबीवरून : यूझमधला ऊ लांब, यूसमधला आखूड.

प्रश्न : शब्दकोशात आघात कसा ओळखायचा? (बेळगाव)

उत्तर : उच्चाराच्या चिन्हांमध्ये वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ब्रिटिश कोशांत ती आघाताच्या अक्षराच्या आधी येते. काही अमेरिकन कोशांत ती नंतर असते, म्हणून कोशाच्या सुरुवातीची उच्चारसूची आधी पाहा. एका स्पेलिंगखाली नाम आणि क्रियापद यांचे उच्चार वेगळे दिले असतील, तर पहिलाच उच्चार वाचून कोश मिटू नका.